दुभती गाय आणि उंबऱ्यावरचा श्वान



वाणिज्यशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. आम्ही साधे बी. ए. तथापि कचेरीत आकड्यांशी आयुष्यभर जो सहवास घडला, त्याच्या आधारावर हे धाडस करीत आहोत.

अनेक वस्तू बनविणाऱ्या कंपनीने आपला पैसा कोणत्या वस्तूवर लावावा? बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप या अमेरिकन सल्लागार संस्थेचे संस्थापक ब्रूस हेंडरसन यांनी १९७० साली या प्रश्नाला चार घरांच्या चौकटीचे रूप दिले. एका बाजूस बाजारपेठेच्या वाढीचा वेग. दुसऱ्या बाजूस सापेक्ष हिस्सा, म्हणजे आपल्या हिश्श्यास सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याच्या हिश्श्याने भागले असता येणारा आकडा. हिस्सा मोठा असला की उत्पादनखर्च उतरतो व पैसा येतो. बाजारपेठ वाढती असली की ती पैसा खाते. दोन्ही मोठे असल्यास तो ‘तारा’. वाढ मंद, पण हिस्सा मोठा, ती ‘दुभती गाय’. वाढ वेगाची, पण हिस्सा लहान, ते ‘प्रश्नचिन्ह’. दोन्ही क्षीण, तो ‘श्वान’. गाईचे दूध निवडक प्रश्नचिन्हांना पाजावे आणि श्वानास निरोप द्यावा, असा हा उपदेश. (श्रीदत्तात्रेयांच्या पायाशी श्वान पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे नामकरण रुचू नये, हे स्वाभाविकच.)

आता आपल्या परिचयाचे उदाहरण घेऊ. आकुर्डीच्या बजाज ऑटोची ‘चेतक’ स्कूटर १९७२ साली आली. तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. हिस्सा प्रचंड, म्हणून ती दुभती गाय खरीच. परंतु बाजारपेठेची वाढ कशाने मोजावी? परवाना पद्धतीत विक्री वाढे ती परवान्याने ठरविलेल्या उत्पादनाइतकीच. रांगेत उभी असलेली मागणी त्या आकड्यात दिसतच नसे. चौकटीत वाढ म्हणून जी मांडावी, ती वस्तुतः सरकारी मंजुरीची वाढ होती. आमच्या मते, १९९१ पूर्वीच्या भारतीय उद्योगास ही चौकट लावताना एवढे भान राखलेच पाहिजे.

पुढे १९८५ मध्ये हिरो होंडाची कमी पेट्रोलात धावणारी मोटारसायकल आली आणि ग्राहक हळूहळू तिकडे वळला. बजाजनेही २००१ साली ‘पल्सर’ आणली; ती तारा ठरली. स्कूटरचे घर मात्र बदलत गेले, आणि डिसेंबर २००९ मध्ये कंपनीने स्कूटरनिर्मितीतून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला.

हा निर्णय चौकटीप्रमाणे योग्य होता काय? उत्तर ‘बाजारपेठ’ या शब्दाच्या अर्थावर अवलंबून आहे. हाताने गिअर टाकण्याची स्कूटर अस्तास चालली होती, यात शंका नाही. पण २००१ मध्येच होंडाची बिनगिअरची ‘अ‍ॅक्टिव्हा’ आली आणि महिला, विद्यार्थी, वृद्ध अशा सर्वांनी ती आपलीशी केली. म्हणजे गिअरची स्कूटर श्वान ठरत असताना समग्र स्कूटर-बाजार पुन्हा वाढीस लागला होता. सीमारेषा जिथे आखाल, त्याप्रमाणे तीच वस्तू एका घरातून दुसऱ्या घरात जाते; आणि ही रेषा कोणी आखावी, हे चौकट सांगत नाही. ते व्यवस्थापकाच्या विवेकाचे काम. मोटारसायकलीवर सारी शक्ती केंद्रित करण्याच्या धोरणाने बजाजला यश दिले, हे नाकारता येणार नाही. तरी ती रेषा थोडी अरुंद आखली गेली, असे आम्हांस वाटते.

जानेवारी २०२० मध्ये विजेवर चालणारी स्कूटर घेऊन कंपनी पुन्हा त्याच बाजारात उतरली. नाव ठेवले ‘चेतक’. या वेळी तिचे घर होते प्रश्नचिन्हाचे, आणि दूध पुरवीत होत्या मोटारसायकली.