नाव वाचलं, आता आराखडा वाचू या



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मला भाषणाची सवय नाही, मीटिंगची आहे. म्हणून मुद्द्याचंच बोलतो.

४ नोव्हेंबर २०२५ ला न्यूयॉर्कच्या महापौरपदाची निवडणूक जोहरान ममदानी यांनी जिंकली. निकाल आला तेव्हा आपल्याकडे ५ तारखेची सकाळ होती. मी चहा घेताघेता घरच्या ग्रुपवर बातमी टाकली, ‘न्यूयॉर्कचा पहिला मुस्लिम महापौर’. दहा मिनिटांत माशाअल्लाहची रांग लागली. एकट्या आपाने विचारलं, “तो आल्याने तिथल्या लोकांचं काय बदलणार आहे?” मला उत्तर देता आलं नाही. मी नाव वाचलं होतं, आराखडा वाचलाच नव्हता.

आपाने सहज विचारलं नव्हतं. ती एम.कॉम. आहे, एका ऑफिसात हिशेब बघायची. दुसरं मूल झालं आणि तिने नोकरी सोडली. पाळणाघराचे पैसे देऊन पगारातलं जे उरत होतं, त्यासाठी रोज दोन बस बदलणं तिला परवडत नव्हतं. त्यामुळे महापौर कोणत्या धर्माचा यापेक्षा तो पाळणाघराचं काय करणार, हे तिला जास्त महत्त्वाचं वाटलं. त्या रात्री मी बसून ममदानींचा आराखडा वाचला.

त्यात मोजक्याच गोष्टी आहेत. भाडेनियंत्रणाखालच्या सुमारे १० लाख घरांचं भाडं वाढू द्यायचं नाही. शहरातल्या बस वेगवान आणि मोफत करायच्या. सहा आठवड्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला मोफत पाळणाघर द्यायचं. शहराच्या पाच विभागांत शहराच्या मालकीचं एकेक किराणा दुकान प्रयोग म्हणून सुरू करायचं. दहा वर्षांत परवडणारी २ लाख नवी घरं बांधायची. किमान वेतन २०३० पर्यंत तासाला ३० डॉलर करायचं.

आमच्या कामात क्लायंट म्हणतो, ‘ॲप फास्ट पाहिजे.’ आम्ही लगेच कामाला लागत नाही. आधी विचारतो: फास्ट म्हणजे नेमकं किती? ते करण्याचा अधिकार कुणाकडे आहे? पैसे कुठून येणार? आणि झालं की नाही, हे कसं तपासायचं? हेच चार प्रश्न मी ममदानींच्या आराखड्याला लावून पाहिले.

भाड्याचं बघा. तिथे भाडं ठरवणारं नऊ जणांचं मंडळ आहे आणि ते सगळे महापौर नेमतो. बिल डी ब्लासिओ महापौर असताना या मंडळाने तीनदा भाडेवाढ शून्यावर ठेवली होती. म्हणजे हे वचन महापौराच्या आवाक्यातलं आहे. घरमालक म्हणतात, दुरुस्तीचा खर्च वाढतोय, तो कुठून काढायचा? तो प्रश्नही खोटा नाही. पण निदान कुणाला जाब विचारायचा ते स्पष्ट आहे.

बसचं तसं नाही. बस चालवणारी संस्था राज्य सरकारच्या हाताखाली आहे, महापौराच्या नाही. ममदानी राज्याच्या विधानसभेत असताना पाच मार्गांवर वर्षभर मोफत बसचा प्रयोग झाला, त्यासाठी त्यांनीच पाठपुरावा केला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये तो सुरू झाला. प्रवासी चांगलेच वाढले, पण बस काही वेगवान झाल्या नाहीत. म्हणजे त्यांच्या वचनातला ‘मोफत’ हा अर्धा भाग करून पाहिलेला आहे आणि ‘वेगवान’ हा अर्धा अजून सिद्ध व्हायचा आहे.

पाळणाघरांना सगळ्यात जास्त पैसा लागणार. त्यासाठी वर्षाला १० लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्यांवर २ टक्के जादा कर लावायचा आणि मोठ्या कंपन्यांचा कर वाढवायचा, असं त्यांनी सांगितलं. पण तो कर राज्याची विधिमंडळं आणि गव्हर्नर यांच्या संमतीशिवाय लागत नाही, आणि गव्हर्नर कॅथी होकुल यांनी पाठिंबा दिला असला तरी आयकर वाढवायला त्यांचा विरोध होता. आपाला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे नक्की नाही. पण पैसे कुणाकडून घेणार ते तरी तो बोलला.”

मला सगळ्यात आवडली ती हलाल गाडीवाल्यांची गोष्ट. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी एक छोटा व्हिडिओ केला. फुटपाथवरची चिकन-भाताची प्लेट १० डॉलरची का झाली, असं ते गाडीवाल्यांना विचारत गेले. कळलं असं की शहराच्या परवान्याची फी काही शे डॉलर, पण परवाने मर्यादित. ज्याच्या नावावर परवाना आहे तो तो भाड्याने देतो आणि गाडीवाला त्याला हजारो डॉलर मोजतो. ते भाडं शेवटी गिऱ्हाइकाच्या प्लेटमध्ये येतं. परवाना थेट मिळाला तर तीच प्लेट ८ डॉलरला देऊ, असं गाडीवाले म्हणाले. हलाल गाडीसमोर उभं राहून हा माणूस धर्मावर बोलू शकला असता. तो परवान्यावर बोलला, आणि परवान्याचा प्रश्न तिथल्या प्रत्येक खाणाऱ्याचा होता.

आता आपल्याकडे येऊ. मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांत २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकच कारभार बघत होते. निवडणूक आली की आपल्या दारात उमेदवार येतात. आपल्या मोहल्ल्यात येणारं पत्रक कसं असतं, तुम्हाला माहीत आहे. वर नेत्यांचे फोटो, खाली हात जोडलेले उमेदवार, कब्रस्तानची भिंत, ईद मिलन आणि ‘सर्वांगीण विकास’. भिंत हवीच, मी नाही म्हणत नाही. पण पाच वर्षं आपल्याला जिवंत राहून काढायची आहेत, आणि नळ, गटार, शाळा, दवाखाना यांची ओळ त्या पत्रकात शोधावी लागते.

आपल्या नगरसेवकाच्या हातात न्यूयॉर्कच्या महापौराइतकी सत्ता नाही, हेही समजून घेऊ. आपल्याकडे महापौर नगरसेवकांतून अडीच वर्षांसाठी निवडला जातो आणि अंमलबजावणीचा अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे असतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये बारावी अनुसूची आली. तिच्यात पाणी, रस्ते, आरोग्य, झोपडपट्टी सुधारणा असे १८ विषय आहेत. ते महापालिकेकडे किती सोपवायचे, हे मात्र राज्य ठरवतं. म्हणूनच ‘हे तुमच्या अधिकारात आहे का?’ हा प्रश्न आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे.

फेरीवाल्यांचंच घ्या. फळांच्या, भाजीच्या, कपड्यांच्या गाड्यांवर आपली किती घरं चालतात! २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडलेले हवेत. ‘फेरीवाल्यांना न्याय देऊ’ म्हणणाऱ्याला एवढंच विचारा: आपल्या शहरात ती समिती कधी बसली? सर्वेक्षण झालं का? आमच्या गल्लीतल्या किती जणांना प्रमाणपत्र मिळालं?

गेल्या आठवड्यात आमच्याकडे एका उमेदवाराची माणसं आली. अब्बांना विचारलं, “चाचा, घरात मतं किती?” आपा आतून बाहेर आली, कडेवर धाकटा. म्हणाली, “चार. आमच्या इथे पाळणाघर कधी होणार?” ते म्हणाले, अंगणवाडीचं खातं महापालिकेचं नाही. तिने मान्य केलं. मग म्हणाली, “केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीतच पाळणाघर चालवायची सोय आहे. महापालिकेच्या शाळेत दुपारनंतर वर्ग रिकामे असतात. त्यातली एक खोली मिळवून देणं तरी तुमच्या उमेदवाराच्या हातात आहे ना? पत्रकात लिहा. कोणती शाळा, कोणत्या महिन्यापर्यंत.” ते म्हणाले, “साहेबांना विचारून सांगतो.” अजून उत्तर आलेलं नाही. पण पुढच्या उमेदवारासाठी तिने तो प्रश्न कागदावर लिहून फ्रिजवर लावून ठेवलाय.

ममदानी यशस्वी होतील की नाही, मी सांगू शकत नाही. पण कुणी जाब विचारायचा ठरवला तर तो विचारता येईल इतकं त्यांनी लिहून ठेवलंय. आपल्या उमेदवाराकडून निदान तेवढं मागू. उमेदवार आपल्या नावाचा असला तरी मागू, नसला तरी मागू. जो उत्तर देईल त्याचं ऐकू. आणि निवडून आल्यावर तोच कागद घेऊन त्याच्या ऑफिसात जाऊ.

आज घरी गेल्यावर प्रत्येकाने एक काम करा. घरातल्या बाईला विचारा, तुला या शहरात सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो? ती सांगेल ते लिहून घ्या. आपल्या प्रभागाचा आराखडा तिथून सुरू होईल.

जय संविधान.