तिच्या नावाचा कागद

(कुरुंदा इथं बचत गटाच्या महिलांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी सोबत एक पत्र्याची पेटी आणली आहे. हिच्यात दागिने नाहीत, गटाचे पैसेही नाहीत. जुनी पोस्टरं आणि हँडबिलं आहेत. तमाशाची, लावणीची, भीमजयंतीच्या कव्वालीची. ‘या वयात हे काय वेड?’ असं घरचे विचारतात. तुम्हीही मनात विचारत असाल. म्हणून सुरुवातीपासून सांगते.

१९९०च्या आसपासची गोष्ट आहे. हिंगोली जिल्हा १९९९ साली झाला, त्याआधी आपण परभणीत होतो. स्त्रियांचं असभ्य चित्रण करण्याला बंदी घालणारा कायदा १९८६ साली आला होता आणि ठिकठिकाणी बायका सिनेमाच्या अश्लील पोस्टरांना डांबर फासत होत्या. आम्हीही फासलं. एकदा सिनेमाच्या पोस्टराशेजारी तमाशाचं पोस्टर होतं. पायात चाळ बांधलेल्या, नऊवारीतल्या एका बाईचा फोटो, खाली नाव. बादलीत डांबर उरलं होतं. मी त्यावरही हात फिरवला. टाळ्या पडल्या. मला फार बरं वाटलं होतं.

पुढे कितीतरी वर्षांनी एका म्हाताऱ्या बाईचा अर्ज भरून द्यायला बसले होते. आम्ही सगळ्या तिला अक्का म्हणतो. तरुणपणी ती ढोलकी फडात नाचायची. राज्य शासन १९५४-५५पासून वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देतं. २०२४ साली त्या योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलं आणि मानधन सरसकट दरमहा ५,००० रुपये केलं. अट अशी की वय पन्नाशीच्या पुढे हवं, कलेत किमान १५ वर्षं घालवलेली हवीत आणि त्याचा पुरावा हवा. अक्काचा अर्ज परत आला. कारण काय? पुरावा नाही.

मी म्हटलं, ‘‘अक्का, काहीतरी असेल ना? एखादा फोटो, एखादी पावती?’’

ती म्हणाली, ‘‘बाई, माहं नाव कागदावर एकाच जागी यायचं. भिताडावरच्या पोस्टरावर. त्याला तर तुमीच काळं फासलं.’’

ती हसत होती. मला मात्र हसू येईना. तिच्या पोटापाण्याचा एकमेव दाखला मी माझ्या हातानं पुसला होता. त्या दिवसापासून मी पोस्टरं गोळा करायला लागले.

आता ती कशी मिळतात ते सांगते. फडताळात खाली अंथरलेली मिळतात. वह्यांना कव्हर म्हणून घातलेली मिळतात. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, जिथं आजही फड येतात, तिथल्या जुन्या दुकानदारांकडे मिळतात. सगळ्यात जास्त मिळाली ती बंद पडलेल्या छापखान्यांतून. ट्रेडल मशीनवर खिळे जुळवून छापायचे तेव्हा प्रत्येक कामाचा एक नमुना फायलीत लावून ठेवत. गुलाबी, पिवळा पातळ कागद, एक किंवा दोन रंगांची शाई, फोटोचा जस्ताचा ब्लॉक. खाली जागा कोरी सोडलेली. तिथं गाव, तारीख आणि तिकिटाचा दर हातानं लिहायचे.

ही पोस्टरं एकापुढे एक मांडली की वाचता येतात. बघा, फडाची मालकीण असेल तर तिचं नाव सगळ्यात मोठ्या अक्षरात. ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’. तिच्या नावात बापाचं नाव आहे, जात आहे आणि गावही आहे. राष्ट्रपतींकडून गौरव झालेली ही बाई. तिचे शेवटचे दिवस हलाखीत गेले. २००२ साली ती वारली आणि आता शासन तिच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. किंवा कांताबाई सातारकर. पुरुषांच्या भूमिका गाजवणारी, स्वतःचा फड उभा करणारी. २०२१ साली ती गेली.

पण बाकीच्या बायांचं काय? त्यांच्यासाठी एकच ओळ असते. ‘सोबत पंधरा नर्तकींचा ताफा’. ढोलकीवाल्याचं नाव असतं, सोंगाड्याचं असतं, तंबूच्या व्यवस्थापकाचंही असतं. पंधरा बायांचा मात्र नुसता आकडा. शेतात रोजानं जाणाऱ्या आपल्या बायांचं असंच असतं ना? ‘आज दहा बाया लावल्या’ म्हणतात. त्या दहा कोण, ते कुणी लिहीत नाही.

जयंतीच्या कार्यक्रमांची पोस्टरं वेगळी. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप ही नावं तुम्हाला ठाऊकच आहेत. त्यांच्यासमोर सामन्याला गायिका असायच्या. रात्रभर उभं राहून, हजारो माणसांपुढं सवालाला जवाब द्यायच्या. शकीला बानो भोपाली हिनं तर कव्वालीच्या पुरुषी बैठकीत ठाण मांडून देशभर नाव केलं. पण आपल्या भागातल्या कितीतरी गायिकांचा ना रेकॉर्ड निघाला ना कॅसेट. राहिलं ते एवढं हँडबिल.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं ‘सोल’ नावाचं गाणं आहे. चर्चमधल्या भजनातून ते आलं, आणि माणूस म्हणून मान मागत उभं राहिलं. अरेथा फ्रँकलिन या गायिकेनं १९६७ साली ‘रिस्पेक्ट’ हे गाणं गायलं. मुळात ते एका पुरुषानं पुरुषाच्या तोंडी लिहिलेलं. तिनं ते बाईच्या तोंडी घातलं आणि तिथल्या स्त्रियांच्या चळवळीनं ते आपलं मानलं. त्या कार्यक्रमांची भडक रंगांची पोस्टरं बाल्टिमोर शहरातला ग्लोब नावाचा छापखाना छापायचा. १९२९ साली सुरू झालेला हा छापखाना २०१०मध्ये बंद पडला. तिथल्या कला महाविद्यालयानं त्याचे लाकडी खिळे, ब्लॉक आणि पोस्टरं विकत घेऊन जपली. खांबावर ठोकलेल्या त्या पोस्टरांना आज संग्राहक हजारो डॉलर मोजतात.

पण गाणाऱ्यांचं काय झालं? सोलच्या आधीच्या पिढीतली रूथ ब्राउन. तिच्या रेकॉर्ड धडाधड खपल्या होत्या. पुढे तिला लोकांच्या घरी कामं करावी लागली, शाळेची बस चालवावी लागली. हक्काच्या मानधनासाठी ती कित्येक वर्षं भांडली, तेव्हा तिच्यासारख्या कलावंतांच्या मदतीसाठी १९८८ साली एक संस्था उभी राहिली. पोस्टराची किंमत वाढते, पोस्टरावरच्या बाईची वाढत नाही. आपण गोळा करायचं ते विकण्यासाठी नाही. बाईला तिचा कागद परत देण्यासाठी.

जुलै २०२२मध्ये या कुरुंद्यात पाणी शिरलं तेव्हा घराघरांतले कागद भिजले. तेव्हा कळलं, कागद किती लवकर जातो. म्हणून काही गोष्टी सांगते. भिजलेला कागद उन्हात टाकू नका, सावलीत वाळवा. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. घडी न घालता सपाट ठेवा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मागे पेन्सिलीनं लिहा की हे कुठं मिळालं, यात कोण कोण आहे. त्या पंधराजणींपैकी एकीचं जरी नाव कुणी सांगितलं, तर तेही लिहा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या बाईला आधी विचारा. एका मावशीनं माझ्यापुढे हात जोडले. ‘‘नातीचं लगीन ठरायलंय, माहं नाव नका काढू,’’ म्हणाली. तिचं पोस्टर मी तिला परत दिलं. ते तिनं चुलीत घातलं. माझा जीव तुटला, पण तिचं नाव तिचं आहे. तिला लपवावं लागतं ही लाज तिची नाही, आपली आहे. ती लाज जाईल तेव्हा पोस्टरं आपोआप बाहेर येतील.

मला विचारतात, मग तेव्हा डांबर फासलं ते चूक होतं का? बाईच्या देहाचा बाजार मांडणाऱ्याला विरोध केला, ते चूक नव्हतं. पण पोस्टरामागे राबणारी बाई आम्हाला दिसली नाही, ती चूक होती. तिच्याशी आम्ही एकदाही बोललो नव्हतो.

अक्काची दोन हँडबिलं शेवटी एका छापखान्याच्या फायलीत सापडली. एकावर तिचं नाव आहे, दुसऱ्यावर फोटोसुद्धा. अर्ज पुन्हा दिला आहे. पैसे अजून सुरू झालेले नाहीत. आम्ही हेलपाटे घालतो आहोत, तुम्हीही सोबत या. हँडबिल हातात दिलं तेव्हा अक्कानं ते कितीतरी वेळ पाहिलं. तिला वाचता येत नाही. ‘‘माहं नाव कोणतं?’’ म्हणाली. मी बोट ठेवून दाखवलं. मग तिनं स्वतःचं बोट तिथं ठेवलं.

घरी गेल्यावर फडताळातला कागद उचलून बघा. खाली कुणीतरी असेल.