सध्या काय वाचता?



महाराष्ट्राबाहेर राहणारे आपण भेटलो की बदली, बढती आणि मुलांचे प्रवेश यांची अगत्याने चौकशी करतो. ‘सध्या काय वाचता?’ हे मात्र क्वचितच विचारतो. म्हणून आरंभ आम्हीच करतो.

आमच्या हाती सध्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ आहे. वरसईचे हे भिक्षुक द्रव्यार्जनासाठी उत्तरेत निघाले आणि १८५७ च्या वणव्यात सापडले. १८५८ मधील झाशीचा वेढा व पाडाव त्यांनी शहरात राहून पाहिला. राणीच्या शौर्याबरोबरच लूट, भूक आणि जिवाची धास्तीही ते सांगतात. म्हणून त्यांचा शब्द खरा वाटतो. द्रव्य हाती राहिले नाही, पण गंगाजलाची कावड त्यांनी घरी पोहोचविली.

ही हकीकत चिंतामणराव वैद्यांनी आग्रहाने लिहवून घेतली व १९०७ साली प्रसिद्ध केली. कोणी विचारलेच नसते, तर हा ठेवा गोडसे भटजींबरोबरच लोपला असता.

आमच्या घरची मुले मराठी बोलतात, परंतु वाचताना अडखळतात. म्हणून रात्री दोन पाने आम्ही मोठ्याने वाचतो. हल्ली ‘पुढे काय झाले?’ असे तीच विचारतात.

मंडळाच्या ग्रंथालयाने पन्नास वर्षे पुस्तके जतन केली. त्यांना वाचक मिळवून देणे आपले काम आहे. पुढील बैठकीस प्रत्येकाने आपल्या आवडीचे एक पुस्तक आणावे आणि त्याविषयी चार शब्द बोलावे, एवढीच विनंती.