गोळेश्वरच्या बैलगाड्या आणि मोबाईलमधली कार्डं
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



खेळाडूंची डिजिटल कार्डं म्हणजे नेमकं काय, हे सोप्या भाषेत सांग, असं संयोजकांनी मला सांगितलं. आपल्या मुलांच्या तोंडी हा विषय आहेच, तेव्हा थोडक्यात सांगतो.

आपल्या शाळेच्या दिवसांत 'बिग फन' च्युइंगगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं मिळायची. त्यांवर धावा आणि विकेट छापलेल्या असायच्या. मधल्या सुट्टीत त्यांची अदलाबदल चालायची आणि तास सुरू झाला की सर ती जप्त करायचे! आता तेच चित्र मोबाईलमध्ये आलं आहे. अमेरिकेत २०२० साली 'एनबीए टॉप शॉट'नं बास्केटबॉलच्या सामन्यांतले छोटे व्हिडिओ कार्डांसारखे विकायला सुरुवात केली. पाठोपाठ आपल्याकडे 'रारिओ' आणि 'फॅनक्रेझ' या कंपन्यांनी क्रिकेटची कार्डं आणली.

आता प्रश्न असा, की तो षटकार यूट्यूबवर फुकट दिसत असताना लोक विकत काय घेतात? तर एक नोंद. 'ब्लॉकचेन' नावाच्या संगणकी खातेवहीत अमुक क्रमांकाचं कार्ड तुमच्या नावावर लागतं. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्यावर नाव तुमचं, पण पीक दुसऱ्याचं; कारण व्हिडिओचे हक्क तुमच्याकडे येत नाहीत. २०२२ नंतर या बाजारातले भाव कोसळले. १ एप्रिल २०२२ पासून आपल्याकडे अशा व्यवहारातल्या नफ्यावर ३० टक्के कर लागतो आणि एका कार्डातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजाही करता येत नाही. म्हणून मुलांना एवढंच सांगा : हौस म्हणून घ्या, गुंतवणूक म्हणून नको.

चाहत्याला खेळाशी बांधून ठेवणं, याला या कंपन्या 'फॅन एंगेजमेंट' म्हणतात. शब्द नवा असेल, पण गोष्ट आपल्या कृष्णाकाठाला जुनीच आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला निघाले, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्यासाठी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या स्वागताला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्या वर्गणीदारांच्या हातात कसलंही कार्ड नव्हतं. पण पदकात आपला वाटा आहे, हे त्यांना कुणी पटवून द्यावं लागलं नाही.

आज सांगलीत वाढलेली स्मृती मानधना सगळ्या देशाची आहे. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला, वयाच्या सतराव्या वर्षी, तिरंदाजीत जगज्जेती झाली. यांची चित्रं जगभर जपली जातील. त्याची काळजी आपण करायला नको.

काळजी आहे ती आपल्या ठेव्याची. यात्रेतल्या कुस्त्यांची पत्रकं, वर्तमानपत्रांची कात्रणं, आपल्या कबड्डी आणि खो-खो संघांचे फोटो अजून घरोघरी ट्रंकेत पडून आहेत. जुनं घर पाडताना ते रद्दीत जातात. या वस्तूंची दुसरी प्रत कुठल्याही कंपनीकडे नाही. फोटो मिळाला तरी त्यात उभं कोण आहे, हे सांगणारी माणसं दरवर्षी कमी होत चालली आहेत.

सुदैवानं आपले क्रीडाशिक्षक आज समोर बसले आहेत आणि त्यांना ती नावं अजून पाठ आहेत. जेवणानंतर ग्रंथालयात स्कॅनर लावून ठेवला आहे. ज्यांनी फोटो आणले असतील त्यांनी तिथं यावं. आधी सरांना विचारून मागं नावं आणि साल लिहू, मग फोटो स्कॅन करू. ज्यांनी आणले नसतील त्यांनी दिवाळीपर्यंत घरी शोधून पाठवावेत. हा संग्रह विकायचा नाही; तो शाळेचा राहील आणि पुढच्या मुलांना फुकट बघता येईल.

सर, आज तुम्ही काही जप्त करायचं नाही, फक्त नावं सांगायची!