थोडक्या पैशांत घरचा कॉम्प्युटर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी आपल्यापैकी एकीने संसारोपयोगी विषयावर चार शब्द बोलावेत, असा मंडळाचा प्रघात आहे. पापड-लोणची झाली, आंबापोळी झाली, मुलांची दुखणीखुपणी झाली. यंदा चिटणीसबाईंनी मला कॉम्प्युटर घेण्याविषयी बोलायला सांगितले, तेव्हा काही जणी माझ्याकडे पाहून हसल्या. त्यांचे हसणे रास्तच होते, कारण माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु कॉम्प्युटर चालवणे ही एक गोष्ट आणि तो विकत घेणे ही दुसरी. विकत घेणे हे खरेदीचे काम आहे, आणि खरेदी आपण रोज करतो. बांगडा घेताना कल्ला उघडून पाहिल्याशिवाय आपण पैसे मोजत नाही. मग तीस-चाळीस हजारांची वस्तू घेताना पेटीचे झाकण उघडून आत काय आहे हे विचारायला आपण का भ्यावे?

आमच्या धाकटीला मराठी मजकूर टाइप करून देण्याचे काम घरबसल्या मिळत होते. पानामागे पैसे, आणि काम वेळेवर दिले तरच पुढचे काम. मोबाईलवर ते होण्यासारखे नव्हते. भिशीचे आणि कोकमविक्रीचे मिळून चाळीस हजार रुपये जमले होते. ते एकदाच जमणारे पैसे होते. यंत्र बिघडले असते, तर पैसेही गेले असते आणि मुलीचे कामही. म्हणून २०२४ च्या दिवाळीपूर्वी आम्ही मायलेकींनी एकेका भागाची चौकशी करून यादी केली. त्या चौकशीतून जे कळले ते आज आपल्यापुढे ठेवते.

प्रथम हे समजून घेऊ, की भाग निवडून कॉम्प्युटर जोडता येतो तो कशामुळे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेतील आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. तो लवकर तयार व्हावा म्हणून त्यांनी प्रोसेसर इंटेलचा घेतला, यंत्र चालवणारी प्रणाली मायक्रोसॉफ्टची घेतली, आणि आतली रचना पुस्तकात छापून सर्वांना खुली केली. त्यामुळे इतर कारखान्यांनाही त्यात बसतील असे भाग करता आले. आपल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, तोही बाहेर मिळणारे पुष्कळ प्रोसेसर एकत्र जोडूनच. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, अशा सुट्या भागांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. एका कंपनीचा भाग दुसऱ्या कंपनीच्या भागाला बसतो, ही आपली सोय. मात्र सगळेच सगळ्याला बसत नाही, ही त्यातली मेख.

आता निवडीकडे वळू. दुकानात जाण्याआधी कागदावर काम लिहावे. टाइपिंग, हिशेब, अभ्यास, इंटरनेट, व्हिडिओवरचे वर्ग एवढे काम असेल, तर वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. मोठे खेळ खेळायचे असतील किंवा चित्रपटांचे भारी संकलन करायचे असेल, तरच ते लागते. हा एक भाग वगळला की कित्येक हजार रुपये वाचतात, आणि मदरबोर्डवर त्याची खाच असतेच, पुढे गरज पडली तर बसवता येते.

प्रोसेसर हा कॉम्प्युटरचा कर्ता. तो घेताना नावाबरोबर शेवटचे अक्षरही वाचावे. पडद्यावर चित्र उमटवण्याची सोय काही प्रोसेसरांच्या पोटातच असते, काहींच्या नसते. रायझन ५ ५६००जी यात ती आहे, नुसत्या ५६०० मध्ये नाही. इंटेलच्या आय-३ १२१०० मध्ये ती आहे, पण १२१००एफ मध्ये नाही. ‘एफ’वाला थोडा स्वस्त म्हणून घेतला, तर पडदा काळाच राहील आणि ग्राफिक्स कार्डाचा खर्च वर बसेल. एका अक्षराने एवढा फरक पडतो.

कचेऱ्यांतून निघालेले जुने कॉम्प्युटर स्वस्तात मिळतात. तिथेही आकडा वाचता यावा. इंटेलच्या आय-५ ४५७० मधला पहिला ४ म्हणजे चौथी पिढी, आणि १२१०० मधले पहिले १२ म्हणजे बारावी. आय-५ हे नाव मोठे वाटले तरी चौथ्या पिढीच्या आय-५ पेक्षा बाराव्या पिढीचा आय-३ अधिक चपळ आहे. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने जी यादी दिली आहे तीत इंटेलची आठवी पिढी व त्यापुढचेच प्रोसेसर आहेत, एखाददुसरा अपवाद सोडला तर. जुने यंत्र घेणाऱ्या भगिनींनी हे आधी पाहावे.

मदरबोर्ड ही सर्व भागांची बैठक. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. ५६००जी ला एएम४ सॉकेट लागते, आय-३ १२१०० ला एलजीए १७००. सॉकेट जुळले तरी तेवढ्यावर थांबू नये. मदरबोर्डच्या कंपनीची चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते, तीत आपल्या प्रोसेसरचे नाव आहे का ते दुकानदाराकडून दाखवून घ्यावे. बोर्ड जुन्या साठ्यातला असला तर त्यातली बायॉस नावाची प्रणाली नवी करून द्यावी लागते. ते काम दुकानातच करून घ्यावे.

रॅम म्हणजे काम चालू असताना लागणारी जागा, आपल्या ओट्यासारखी. ओटा अपुरा असला की एक भांडे उचलल्याशिवाय दुसरे ठेवता येत नाही, तसेच कॉम्प्युटर अडखळतो. आजच्या कामाला ८ जीबीत कसेबसे भागते, १६ जीबी असली तर निर्धास्त. ती १६ ची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्याव्यात. दोन वाटांनी माहितीची ये-जा होते, आणि चित्राची सोय प्रोसेसरच्या पोटात असताना त्याचा चांगला उपयोग होतो. डीडीआर४ आणि डीडीआर५ पट्ट्यांच्या खाचा निराळ्या असतात, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. म्हणून रॅम नेहमी मदरबोर्ड ठरल्यावर घ्यावी. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव फार चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांची मागणी वाढली. तेव्हा माझे आकडे २०२४ चे आहेत हे ध्यानात ठेवून त्या दिवशीचा भाव विचारावा. पैसे कमी पडत असतील तर आज ८ ची एक पट्टी घेऊन दुसरी खाच पुढच्या सवडीसाठी मोकळी ठेवावी.

साठवणीसाठी पूर्वी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असे. एसएसडीमध्ये फिरणारे काही नाही, त्यामुळे ती पुष्कळ वेगवान असते. दुकानदार ‘१००० जीबी हार्ड डिस्क’ हा मोठा आकडा पुढे करतात. परंतु ५०० जीबीची एसएसडी रोजच्या कामाला अधिक सुख देते. टाइप केलेली हजारो पाने तीत सहज मावतात. फक्त एक सांगते, एसएसडी बंद पडते तेव्हा पुष्कळदा पूर्वसूचना देत नाही. कामाची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक दुसरीकडे ठेवावी.

आता ज्या भागाकडे सर्वांत कमी लक्ष जाते, पण आपल्या गावी ज्यावर सर्वांत जास्त अवलंबून असते, त्याकडे येते. त्याचे नाव एसएमपीएस. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज बारा, पाच आणि सव्वातीनच्या आसपास व्होल्टवर आणून प्रत्येक भागाला पोचवणारा हा डबा. पेटीच्या आत असल्यामुळे तो कोणाला दिसत नाही आणि त्याने वेगही वाढत नाही. म्हणून स्वस्ताई करायची झाली की सर्वांची नजर त्याच्यावर जाते. आम्हांला एका दुकानातून जी पहिली यादी मिळाली, तीत काचेची पेटी होती, रंगीत दिव्यांचे पंखे होते, आणि या डब्यापुढे नुसते ‘लोकल’ एवढेच लिहिले होते. मी विचारले, “कोणत्या कंपनीचा? किती वॅटचा?” तो मुलगा म्हणाला, “काकू, त्याने काय फरक पडतो? आत तर असतो.” मी म्हटले, “आमच्या घरात वायरीही भिंतीच्या आत आहेत, म्हणून त्या कशाही घालत नाहीत बाळा.” तो हसला, आणि मग त्याने नीट दुसरी यादी करून दिली.

हलका डबा जळताना मदरबोर्ड आणि एसएसडीलाही बरोबर घेऊन जाऊ शकतो. तीन हजारांच्या जागी आठशे देऊन वाचलेले पैसे असे पंचवीस हजारांवर जातात. डबा नावाजलेल्या कंपनीचा, ‘८० प्लस’ खूण असलेला आणि हमीपत्रासहित घ्यावा. ‘८० प्लस’ याचा अर्थ असा, की घेतलेल्या विजेपैकी निदान ऐंशी टक्के वीज कामाला लागते, उरलेली उष्णतेत जाते. फार मोठाही नको. ५६००जी हा ६५ वॅटचा प्रोसेसर, वेगळे कार्ड नाही, तेव्हा ४५० वॅटचा चांगला डबा पुष्कळ झाला. ७०० वॅट छापलेला बेनावाचा डबा त्याहून चांगला असतो असे मुळीच नाही.

त्याच्या जोडीला यूपीएस. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, विशेषतः पावसाळ्यात. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट भार पेलतो. टाइपिंगच्या कामाला पडद्यासकट शंभर वॅटही लागत नाहीत. दहा-पंधरा मिनिटे मिळतात, तेवढ्यात काम साठवून यंत्र रीतसर बंद करता येते. परंतु जवळ पडणाऱ्या विजेपासून यूपीएस वाचवील या भरवशावर राहू नये. वैशाखाच्या अखेरीस आणि परतीच्या पावसात गडगडू लागले, की प्लग काढावा आणि इंटरनेटची तारही काढावी. भिंतीतली तीन पिनांची जोडणी आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे.

मांडवीची हवा आपण जाणतोच. खिडकीचे गज दरवर्षी रंगवले तरी खाऱ्या वाऱ्याने गंजतात. म्हणून कॉम्प्युटर समुद्राकडच्या खिडकीत ठेवू नये, जमिनीवरही ठेवू नये. चालू असताना आच्छादन घालू नये. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या दिवसांत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवले तर आतला दमट आतच राहतो. त्यापेक्षा रोज थोडा वेळ चालू ठेवावा, स्वतःच्या उबेने तो कोरडा राहतो. पेटी साधी, पण वारा खेळणारी घ्यावी. काचेला आणि दिव्यांना द्यायचे पैसे मॉनिटरकडे वळवावेत, कारण मुलांचे डोळे दिवसभर त्याच्यावर खिळलेले असतात.

आमचा हिशेब असा झाला : प्रोसेसर ११,५००, मदरबोर्ड ५,२००, रॅम ३,४००, एसएसडी ३,१००, एसएमपीएस ३,०००, पेटी १,९००, २२ इंची मॉनिटर ६,८००, कीबोर्ड व माऊस ९००, यूपीएस २,७००. एकूण ३८,५०० रुपये. उरलेले १,५०० वायरमनला व अर्थिंगला गेले. विंडोजचे पैसे यात नाहीत, कारण आम्ही उबुंटू ही मोफत मिळणारी प्रणाली घातली. तीत युनिकोड मराठी उत्तम टाइप होते आणि लिबरऑफिसही विनामूल्य आहे. ज्यांना टॅलीवर हिशेब करायचे आहेत त्यांना विंडोज लागेल. त्यांनी त्याची किंमत पहिल्याच यादीत धरावी, चोरीची प्रत घालून घेऊ नये.

शेवटी बिलाविषयी. प्रत्येक भागाची हमी निराळी असते. ‘एक कॉम्प्युटर संच’ एवढेच लिहिलेले बिल घेऊ नये. प्रत्येक भागाचे पूर्ण नाव आणि त्याचा क्रमांक बिलावर मागावा, खोकी जपून ठेवावीत. मुंबईहून किंवा ऑनलाइन मागवल्यास काही रुपये वाचतात हे खरे. पण बिघडलेला भाग ऐन श्रावणात कोण नेणार आणि कोण आणणार, हाही हिशेब त्यात धरावा.

भगिनींनो, आगोटीपूर्वी आपण घराची बेगमी करतो तेव्हा आधी तांदूळ, मीठ, सरपण पाहतो, शोभेच्या वस्तूंकडे मागाहून वळतो. इथेही तोच क्रम ठेवावा. आधी काम लिहावे, मग त्या कामाला लागणारे भाग एकमेकांशी जुळवावेत, विजेच्या बाजूला हात आखडू नये, आणि दिखाव्याला उरले तर द्यावे. मुख्य म्हणजे ‘मला त्यातले काही कळत नाही’ असे म्हणून पाकीट दुसऱ्याच्या हाती देऊ नये. पैसे जमवले आपण, तेव्हा प्रश्न विचारण्याचा अधिकारही आपलाच आहे. कोणा भगिनीला यादी करायची असेल तर तिने दुपारी मंडळात यावे, आपण मिळून ती वाचू.