आचार्याचें मतांतर



शिष्यानें गुरूचें मत सोडावें, असें पुष्कळदां घडतें. परंतु शिष्य ज्या मताला धरून चालले आहेत तें गुरूनेंच सोडावें, हा प्रसंग विरळा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तो घडला. त्याचा नायक लुडविग विट्गेनस्टाईन.

१८८९ सालीं व्हिएन्ना येथें जन्मलेला हा पुरुष १९११ सालीं केंब्रिजला बर्ट्रांड रसेलचा विद्यार्थी झाला. पहिल्या महायुद्धांत ऑस्ट्रियाच्या सैन्यांत असतां त्यानें एक लहानसा ग्रंथ पुरा केला; १९२१ सालीं तो प्रसिद्ध झाला. वाक्य हें वस्तुस्थितीचें चित्र होय; जेथें असें चित्र काढतां येत नाहीं, तेथें अर्थपूर्ण असें कांहीं बोलतांच येत नाहीं, हें त्याचें सार. तत्त्वज्ञानाचे प्रश्न आपण मूलतः सोडविले, अशी त्याची खात्री झाली, आणि तो ऑस्ट्रियांतील खेड्यांत प्राथमिक शिक्षक होऊन राहिला.

इकडे मोरित्स श्लिक याच्याभोंवतीं जमलेल्या व्हिएन्ना-मंडळानें तो ग्रंथ ओळ न् ओळ अभ्यासिला. पडताळा पाहतां येत नाहीं तें विधान अर्थशून्य, असा मंडळानें दंडक घातला. १९२९ सालीं मंडळाचा जाहीरनामा निघाला. आणि त्याच सालीं विट्गेनस्टाईन केंब्रिजला परतून आपल्याच ग्रंथाचा पाया तपासूं लागला!

नॉर्मन माल्कम या त्याच्या शिष्यानें एक आठवण नमूद केली आहे. पिएरो स्राफा या इटालियन अर्थशास्त्रज्ञानें हनुवटीखालून बोटें बाहेर झटकून तिरस्कार दाखविण्याची नेपल्सकडील खूण केली, आणि हिचें तार्किक रूप कोणतें, असें त्यास विचारिलें. खुणेस अर्थ होता. पण ती कशाचेंच चित्र नव्हती. पुढें विट्गेनस्टाईन सांगूं लागला कीं, शब्द हीं कारागिराच्या पेटींतील हत्यारें आहेत. त्यांचा अर्थ बहुधा त्यांच्या वापरांत असतो. आज्ञा, प्रार्थना, थट्टा, आभार यांस एकाच मापानें कसें मोजावें?

१९५१ सालीं तो वारला. त्याचा दुसरा ग्रंथ १९५३ सालीं निघाला. त्याच्या १९४५ च्या प्रस्तावनेंत पहिल्या पुस्तकांतील गंभीर चुका त्यानें स्वतः मान्य केल्या आहेत. शिवाय दोन्ही ग्रंथ एकत्र छापावे, म्हणजे जुन्या विचाराशेजारीं नवा विचार नीट उमगेल, असेंही म्हटलें आहे.

मत बदलणाऱ्यास आपण चंचल म्हणतों. परंतु चंचल मनुष्य आपलें जुनें मत झांकूं पाहतो. यानें तें सर्वांसमोर मांडून ठेवावयास सांगितलें. असें धैर्य ज्याच्या ठायीं आहे, त्याचें मतांतर ही त्याच्या सत्यनिष्ठेचीच साक्ष होय.