सातपूरमध्ये पत्ता कसा सांगायचा?

  

"पपया नर्सरीच्या सिग्नलला या आणि तिथून फोन करा." सातपूरमध्ये कोणी पत्ता विचारला की बहुतेक वेळा हेच उत्तर मिळतं. जेवणाची ऑर्डर असेल तर ठीक आहे, फार तर वडापाव गार होईल. पण रात्री दोन वाजता घरात कोणाच्या छातीत दुखतंय, १०८ ला फोन लावलाय आणि ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर विचारतोय, "नेमकी कुठली गल्ली?" तेव्हा काय सांगायचं?

सातपूर एका नकाशावर आखून उभं राहिलेलं नाही. आधी गाव होतं, मग एमआयडीसी आली, कारखान्यांमागोमाग कामगारांच्या वसाहती आल्या. १९८२ साली नाशिक महापालिका झाली आणि सातपूर तिच्यात आलं. त्यामुळे गावठाणात घर नंबर, एमआयडीसीत प्लॉट नंबर, सातपूर कॉलनीत योजनेचा नंबर, आणि अशोकनगर-श्रमिकनगरकडे सोसायटीचं नाव. एकाच उपनगरात पत्त्याच्या इतक्या तऱ्हा! माणसाला हे सवयीनं कळतं. कॉम्प्युटरला कळत नाही.

यावर जगभर संशोधन चालू आहे, आणि त्यातला एक धागा थेट नाशिकचा आहे. एमआयटी मीडिया लॅबचे प्राध्यापक रमेश रासकर हे मूळचे नाशिककर. २०१५ च्या कुंभमेळ्याच्या निमित्तानं 'कुंभथॉन' झालं होतं, आठवतं का? त्यामागे तेच होते. २०१८ मध्ये त्यांच्यासोबतच्या संशोधकांनी, फेसबुकच्या संशोधकांना घेऊन, एक पेपर छापला. कल्पना अशी, की उपग्रहाच्या फोटोवरूनच पत्ते तयार करायचे. कॉम्प्युटर फोटोत रस्ता कुठे आहे ते ओळखतो, तुकडे जोडून रस्त्यांचं जाळं बनवतो, जाळ्याचे विभाग पाडतो, दिशा आणि अंतर बघून रस्त्यांना नावं देतो. रस्त्यावर किती पुढे, त्यावरून घराचा पत्ता. थोडक्यात, पत्ता रस्त्याला धरून बनतो.

दुसरी वाट आपल्या टपाल खात्यानं धरली. मे २०२५ मध्ये 'डिजिपिन' आला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्यासोबत तो तयार केलाय. युक्ती एकदम सोपी आहे. सगळा भारत एका मोठ्या चौकोनात बसवायचा. त्याचे चार बाय चार, म्हणजे सोळा चौकोन करायचे. आपण ज्या चौकोनात आहोत त्याचं एक अक्षर किंवा आकडा लिहायचा. मग त्या चौकोनाचे परत सोळा. असं दहा वेळा केलं की साधारण चार मीटर बाय चार मीटरचा तुकडा उरतो, म्हणजे एका खोलीएवढा. सातपूर गावठाणातला कुठलाही डिजिपिन घ्या, तो '४एफ९' नं सुरू होतो. हा कोड नुसत्या गणितानं, अक्षांश-रेखांशावरून निघतो. त्यामुळे फोनला जीपीएस मिळालं की नेट नसलं तरी चालतं. आणि त्यात तुमचं नाव-गाव काही नसतं.

मग प्रश्न सुटला? अर्धाच. आपल्या भागातून नंदिनी नदी वाहते, जिला आपण नासर्डी म्हणतो. समजा, नदीच्या या काठावर एक घर आहे आणि बरोबर समोरच्या काठावर दुसरं. चौकोनांच्या हिशोबानं दोघं शेजारी. पण ॲम्ब्युलन्सला पुलावरून वळसा घालून जावं लागेल! डिजिपिन जागा सांगतो, वाट सांगत नाही. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा आणि तळमजल्यावरच्या दुकानाचा कोडही एकच येऊ शकतो. म्हणून चौकोन आणि रस्त्यांचं जाळं, दोन्ही लागतात.

आता हे रस्ते तुमच्या फोनमध्ये येतात कुठून? अख्खा नकाशा फोनमध्ये नसतो. तुम्ही बोटानं स्क्रीन सरकवता, तेव्हा फोन सर्व्हरकडे तेवढ्याच भागाचे तुकडे मागतो. वेगवेगळ्या सर्व्हरकडून नकाशा मागायची एक सामाईक पद्धत असावी, म्हणून २००० साली 'वेब मॅप सर्व्हिस' नावाचं मानक आलं. त्याचा फायदा असा, की एका संस्थेचा उपग्रह-फोटो, दुसरीची पूररेषा आणि तिसरीचे रस्ते एकावर एक ठेवून बघता येतात. इस्रोचं 'भुवन' पोर्टल २००९ पासून आहे, तेही असे थर देतं.

पण मूळ नकाशात तुमची गल्लीच नसेल, तर सगळी मानकं असून काय उपयोग? इथं तुमचं काम सुरू होतं. २००४ मध्ये सुरू झालेल्या 'ओपनस्ट्रीटमॅप'वर कोणीही खातं उघडून रस्ता, बोळ, पूल, दवाखाना टाकू शकतं. आणि फेब्रुवारी २०२१ च्या सरकारी नियमांनी, काही संवेदनशील गोष्टी सोडल्या तर, भारतीयांना नकाशाचा डेटा गोळा करण्यासाठी आधी परवानगी घ्यायची गरज ठेवलेली नाही.

तर या रविवारी एवढं करा. घरापासून मेन रोडपर्यंत चालत जा आणि ओपनस्ट्रीटमॅपवर ती वाट आहे का बघा. नसेल तर टाका. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून कॉपी मात्र करू नका, ते चालत नाही. आणि लोकांची नावं, फोन नंबर टाकू नका. मग घरचा डिजिपिन काढा आणि कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा. खाली मजला आणि जवळची खूण मराठीत लिहा. आजी घरी एकटी असली तरी तिला तो फोनवर वाचून दाखवता आला पाहिजे.

तुमच्या गल्लीचं काय झालं ते कळवा. भेटू पुढच्या भागात!